उसना चेहरा

जुन्या ग्रीक नाण्यांविषयी वाचताना एक शब्द वारंवार भेटतो. नक्कल. अमुक नगराने तमुक राजाच्या नाण्याची नक्कल केली, असे एका ओळीत उरकले जाते. मला हा शब्द खटकतो.

अलेक्झांडरचेच घ्या. त्याच्या नाण्यावर सिंहाचे कातडे पांघरलेल्या हेराक्लीसचे मस्तक असे. चांदीच्या नाण्यामागे आसनस्थ झ्यूस, तर कांस्याच्या नाण्यामागे हेराक्लीसची गदा आणि धनुष्य. इ. स. पूर्व ३२३ मध्ये राजा वारला, पण त्याच्या नावाची चांदीची नाणी कितीतरी नगरे पुढे शतकाहून अधिक काळ पाडत राहिली. त्या नगरांकडे कलाकार नव्हते का? होते. पण व्यापारी ओळखीचे नाणे मागत होता.

कांस्याच्या बाबतीत तर ही गरज अधिक. चांदी निदान तोलून घेता येते. कांस्याच्या नाण्यात धातू थोड्या किमतीचा, चालतो तो विश्वास. मी कचेरीत कारकुनी करतो. कागद दमडीचा असतो आणि सगळी किंमत शिक्क्याची, हे मी रोज पाहतो. म्हणून मला हा व्यवहार लगेच कळतो.

आता आपल्या उपखंडाच्या वायव्येला या. काबूलकडचा ग्रीक राजा हर्मेयस कधीच गेला होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुषाण कुजुल कडफिसेसने आपल्या तांब्याच्या नाण्यावर पुढे हर्मेयसचा चेहरा आणि ग्रीक अक्षरे ठेवली, मागे हेराक्लीस उभा केला आणि त्याच्याभोवती खरोष्ठीत स्वतःचे नाव घातले. याला नक्कल म्हणायचे की मुत्सद्देगिरी? लोकांना जुना चेहरा पाहायची सवय होती. ती न मोडता नव्या राजाने आपले नाव रुजवले.

उसनवारीमागे नेहमी बाजारच असतो असेही नाही. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात, रोमन अमलाखाली, मॅसेडोनियाच्या प्रांतिक संघाने कांस्याची नाणी पाडली. त्यांतल्या अनेकांवर रोमन सम्राट नाही. अलेक्झांडरचे मस्तक आणि त्याचे नाव आहे. काहींवर तेच सिंहाचे कातडे, पण चेहरा आता हेराक्लीसचा नव्हे, खुद्द अलेक्झांडरचा. राज्य जाऊन शतके लोटली होती. हातात उरली होती ती आठवण, आणि ती त्यांनी रोजच्या सुट्ट्या पैशांवर कोरली.

याच्या अगदी उलट उदाहरण आपल्या शेजारचे आहे. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. ती क्षत्रप नहपानाची. राजाचे मस्तक आणि भोवती ग्रीक अक्षरे, ही धाटणीही ग्रीक राजांच्या नाण्यांवरून आलेली. गौतमीपुत्र सातकर्णीने त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर, थेट नहपानाच्या चेहऱ्यावर, आपला छाप मारला.

म्हणजे आधीच्याचा चेहरा एकाने जपला, दुसऱ्याने ठोकला. दोघांनाही त्या चेहऱ्याची ताकद ठाऊक होती. आपल्याकडे मात्र 'हे मूळचे कोणाचे' यावरच वाद रंगतात. उसने कोणाकडून घेतले, हा माझ्या मते दुय्यम प्रश्न. घेऊन त्यावर स्वतःचे नाव कोरले की नाही, हे आधी पाहावे. कुजुलाने कोरले होते.