प्रवाळशैवालांचं मीलन

प्रवाळाच्या पेशींत राहून त्याला अन्न पुरवणारी सूक्ष्म शैवालं केवळ दुभंगून वाढतात, त्यांच्यात लैंगिक पुनरुत्पादन नाहीच, हा पूर्वपक्ष वरवर भक्कम वाटतो. सूक्ष्मदर्शकाखाली जेमतेम शतांश मिलिमीटर व्यासाच्या गोल, पिंगट पेशी दिसतात. त्यांना कशाभिका नसतात आणि एकीच्या दोन होत राहतात. शिवाय कॅरिबियनमधल्या एल्कहॉर्न प्रवाळाची एखादी वसाहत तपासली, तर तिथे बहुधा एकाच जनुकीय वाणाचं राज्य आढळतं. पण यावरून सिद्ध होतं ते एवढंच, की त्या वाणाने तिथे बाजी मारली. तो मुळात घडला कसा, याचा उलगडा अनेक वसाहतींतली शैवालं शेजारी ठेवून तपासल्याशिवाय होत नाही. या पेशी एकगुणित असल्याने प्रत्येक जनुकाचं साधारणपणे एकच रूप त्यांच्यात असतं. नुसतंच दुभंगणं चालू असतं, तर ही रूपं पिढ्यान्‌पिढ्या जोडीनेच उतरली असती. अधूनमधून उत्परिवर्तनाने एखादं बदललं असतं, इतकंच. प्रत्यक्षात अनेक जातींत ती पत्ते पिसावेत तशी मिसळलेली सापडतात. अर्धसूत्री विभाजनाची जनुकंही त्यांच्यात आहेत. त्यांतली काही डीएनएच्या दुरुस्तीलाही लागतात, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून सगळी भिस्त त्यांच्यावर ठेवू नये. तशी गरजही उरलेली नाही. २०२१ साली फिगेरोआ आणि सहकाऱ्यांनी ‘क्लॅडोकोपियम लॅटुसोरम’ या जातीत युग्मकांची जोडी, युग्मनज आणि अर्धसूत्री विभाजन या अवस्था टिपल्या, आणि त्याही प्रवाळाच्या आतच.

यावर दुसरा आक्षेप येतो: मीलन असेलही, पण त्यावाचून अडतं कुठे? ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी एकाच पेशीपासून वाढवलेली शैवालं चार वर्षं ३१ अंशांत ठेवली आणि ती उष्णतेला सरावली. २०२० साली प्रसिद्ध झालेला हा प्रयोग खरा आणि मोलाचा आहे. मात्र अशा दहा वाणांपैकी तिघांनीच प्रवाळाच्या अळ्यांची उष्णता सोसण्याची ताकद वाढवली, आणि हे सारं माणसाने नेमाने निवड करत राहिल्यावर! उत्परिवर्तनातून नवं रूप मिळतं, हे कबूल. पण दोन वेगळ्या वाणांत उपजलेले दोन चांगले गुण एका पेशीत आणायचे, तर मीलनाइतका जवळचा मार्ग नाही. दुभंगण्याचं काम निराळं: जमलेला मेळ न मोडता झपाट्याने पसरवणं. ‘ड्युरुसडिनियम ट्रेंची’ हे उष्णतासह शैवाल हिंद-प्रशांत महासागरांत जनुकीयदृष्ट्या चांगलंच विविध आहे, तर बाहेरून आल्याचं मानलं जातं त्या कॅरिबियनमध्ये मोजक्याच वाणांनी दूरदूरचे प्रवाळ व्यापलेत. या फैलावाला दुभंगणं पुरलं. पण ते खरोखरच बाहेरून आलं असेल, तर फैलावलेल्या वाणांतले गुण हिंद-प्रशांतातल्या त्या विविधतेतूनच आलेले असणार.