द्राक्षांच्या मुलखावरून

निफाड तालुक्यातला माणूस डोंबिवलीत कितीही वर्षं राहिला तरी थंडीत त्याचं अर्धं लक्ष गावाकडच्या पाऱ्यावर असतं. माझे भाऊजी नोकरीसाठी इकडे आले, पूर्वेला घर केलं, निवृत्तही झाले. पण जानेवारीत निफाडला कडाका पडल्याची बातमी आली की रात्री धाकट्या भावाला फोन ठरलेला. "बागेत शेकोट्या केल्या का?" पारा फार उतरला की पिकायला आलेले मणी तडकतात आणि वर्षभराची मेहनत दोन रात्रींत जाते. धाकट्या भावाने बाग सांभाळली आणि आपण शहरात आलो, ही गोष्ट भाऊजींच्या मनातून कधी गेलेली नाही.

यंदा ताई-भाऊजींच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली. ठाण्याला राहणाऱ्या माझ्या भाच्याने त्यांच्यासाठी हेलिकॉप्टर भाड्याने ठरवलं. जुहूहून उडायचं, नाशिकच्या द्राक्षबागांवरून फेरी मारायची, दुपारी एका वायनरीत जेवायचं आणि उजेडात परत यायचं. एक जागा उरत होती, म्हणून मलाही, त्याच्या मावशीलाही, चल म्हणाला. "अरे, एवढ्या पैशांत गावी शेततळ्याचा कागद बदलून झाला असता," हे भाऊजींचं पहिलं वाक्य. भाचा म्हणाला, "बाबा, तुम्ही जन्मभर ती बाग खालून बघितलीत. एकदा वरून बघा." त्यावर भाऊजी काही बोलले नाहीत.

जुहूचा विमानतळ म्हणजे १९३२ साली जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाचं विमान घेऊन जिथे उतरले, ती जागा. आता तिथून मुख्यतः हेलिकॉप्टरं उडतात. चढण्याआधी प्रत्येकाचं वजन केलं, पिशव्यांचंही केलं, आणि कोणी कुठे बसायचं ते वजनावरून ठरलं. पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे भार नीट वाटला गेला पाहिजे, असं पायलटने ताईला शांतपणे समजावलं. मग कानांवर हेडफोन चढले. त्याशिवाय शेजारच्याचं अक्षरही ऐकू येत नाही.

जुहू ते नाशिक ही रेघ ठाण्यावरूनच जाते. येऊरचं जंगल मागे पडलं की घोडबंदर रस्त्याचे मनोरे, मग खाडी आणि खाडीपलीकडे भिवंडीची गोदामं. उजव्या हाताला लांबवर कल्याण-डोंबिवली. मधे उल्हासचा वळसा नसता तर घरांमध्ये कुठे फटच दिसली नसती. आमची गल्ली, शाळा, फडके रोड यांतलं काहीही वेगळं ओळखता आलं नाही. मग मात्र एकाएकी शहर संपतं आणि हिरवं-तपकिरी रान सुरू होतं. शहापूर तालुका. माझ्यासाठी या उड्डाणाचा सगळ्यात मोठा भाग हा होता, नाशिकच्या आधीचा.

कारण इथे पाणीच पाणी दिसतं. थेट खाली तानसा तलाव, १८९२ साली बांधून झालेला. उजवीकडे भातसा, त्याचे फाटे डोंगरांच्या बेचक्यांत शिरलेले. डावीकडे मोडकसागर, मध्य वैतरणा आणि त्यापलीकडे ऊर्ध्व वैतरणा. मुंबईला पाणी देणारे जे सात तलाव आपण दर पावसाळ्यात पेपरात टक्केवारीने वाचतो, त्यांतल्या विहार आणि तुळशी या दोन छोट्या तलावांखेरीज बाकी सगळे या पट्ट्यात आहेत. तानशाकडून मुंबईकडे निघालेल्या मोठ्या जलवाहिन्या रानातून सरळ जाताना दिसतात. भातसा नदीचं पाणी ठाण्यालाही पोचतं. आणि या तलावांच्या अवतीभवती, टेकड्यांच्या उतारांवर, दहा-वीस घरांचे पाडे.

शहापूर तालुक्यात दर उन्हाळ्यात टँकर लागतात, हे मला ठाऊक होतं. जिल्ह्याच्या पानावर ती बातमी मार्चपासून सुरू होते आणि जूनमध्ये संपते. ठाऊक असणं आणि बघणं यांत फरक पडतो. पाड्यापासून जलाशय डोळ्यांना दिसेल इतका जवळ, आणि त्या पाड्याच्या विहिरीपर्यंत मात्र त्यातला थेंब जात नाही. डोंगराळ कातळ, पावसाचं पाणी न धरणारी जमीन, आणि धरण बांधतानाच त्याचं पाणी शहरासाठी राखून ठेवलेलं. इगतपुरी तालुक्यातल्या भावली धरणातून उताराने, पंपाशिवाय, शहापूरच्या गावांना पाणी द्यायची योजना आखली गेली, मंजूर झाली. कल्पना उत्तम आहे. घाटाच्या उंचीचा एवढा फायदा दुसऱ्या कुठल्या योजनेला मिळायचा?

खडवलीच्या बाजूला बोट दाखवून भाचा म्हणाला, "मावशी, आपल्याकडचं खरं हेलिकॉप्टर तिथे आलं होतं." ऑगस्ट २०१९ मध्ये भातसा नदीला पूर आला, जू-नांदखुरी गावाला पाण्याने वेढा घातला, तेव्हा वायुदलाच्या एमआय-१७ हेलिकॉप्टरने पन्नासहून अधिक माणसांना तिथून उचललं. त्याच्या आठवडाभर आधी बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली होती. म्हणजे ज्या जिल्ह्यात मे महिन्यात टँकरची वाट बघतात, त्याच जिल्ह्यात ऑगस्टमध्ये माणसं छपरावर चढतात. हवेत बसून हे आठवल्यावर खिडकीतला देखावा निव्वळ देखावा राहत नाही.

पुढे कसाऱ्याचा घाट. १८६५ साली या घाटातून रेल्वे वर चढली. ३७ मीटरला १ मीटर असा चढ आहे, म्हणून आजही कसाऱ्याला गाडीला जादा इंजिनं, बँकर, जोडावी लागतात. कल्याणहून पंचवटी एक्सप्रेसने नाशिकला जाणाऱ्या माणसाला तो थांबा पाठ असतो. आता त्याच डोंगराच्या पोटातून समृद्धी महामार्गाचा जवळपास ८ किलोमीटरचा जोडबोगदा गेला आहे. इगतपुरी ते भिवंडीजवळचं आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला आणि कल्याणकरांना नाशिक एकदम जवळ आलं. हेलिकॉप्टरला यातलं काहीच लागत नाही. ते थोडं उंच होतं आणि कोकण संपतं.

सह्याद्रीची धार ओलांडतानाचा तो क्षण प्रत्येक मराठी माणसाने एकदा बघावा असा आहे. डावीकडे त्र्यंबकचा ब्रह्मगिरी, उजवीकडे लांब कळसूबाई, १,६४६ मीटर उंच. ब्रह्मगिरीवर पडलेला पाऊस दोन वाटांनी जातो. वैतरणा पश्चिमेला वळते आणि अरबी समुद्र गाठते. गोदावरी पूर्वेला निघते, आणि ऐंशीएक किलोमीटरवर असलेला समुद्र पाठीशी टाकून १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. या एका धारेमुळेच अलीकडे भात आणि पलीकडे द्राक्ष आहे. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस. तिथून काही तासांच्या अंतरावरच्या निफाडला पाचशे-सहाशे. द्राक्षवेलीला कोरडी हवा लागते आणि मुळाशी पाणी लागतं. हवा कोरडी पर्जन्यछायेने दिली, पाणी धरणांनी आणि कालव्यांनी. गंगापूर धरणाच्या भिंतीवरून वळलो तेव्हा हे नकाशासारखं स्पष्ट दिसलं. जिथवर पाणी नेता आलं तिथवर रांगा, त्यापुढे माळ.

नाशिकला आता सगळे 'वाईन कॅपिटल' म्हणतात. वरून दिसणाऱ्या बागांपैकी बहुतेक बागा मात्र खायच्या द्राक्षांच्या आहेत, हे भाऊजींनी सांगितलं. दिंडोरी, निफाड, पिंपळगाव या बाजूला मैलोगणिक मांडव, आणि प्रत्येक दोन-चार बागांमागे एक शेततळं. आत प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला, त्यामुळे वरून ती तळी उन्हात लकाकतात. भाऊजी काचेला कपाळ टेकून बसले होते. "ती उशिराची छाटणी. ती बाग या हंगामात धरलेली नाही. तिथे टोमॅटो केलाय." एवढ्या उंचीवरून त्यांना प्रत्येक तुकड्याचं वर्ष वाचता येत होतं. नांदूरमध्यमेश्वरच्या पाणथळीजवळ पायलटने लांबूनच वळण घेतलं. थंडीत तिथे हजारो पाहुणे पक्षी असतात. पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत २०१९ साली गेलेली ती महाराष्ट्रातली पहिली जागा. आवाजाने पक्षी उठू नयेत म्हणून घेतलेलं ते वळण मला मनापासून आवडलं. तेवढ्यात भाऊजी म्हणाले, "ते आपलं." मांडवाचा एक चौकोन, कडेला विहीर, आंब्याचं झाड. ताईने त्यांचा हात धरला. हेडफोनमध्ये बराच वेळ कोणी बोललं नाही.

जेवायला वायनरीत उतरलो तेव्हा आधी बागेत गेलो. शेजारच्याच शेतात खायची द्राक्षं होती आणि घडांना वर्तमानपत्राचे कागद गुंडाळलेले होते. उन्हाने आणि थंडीने मण्यांना गुलाबी झाक आली की निर्यातीत माल मागे पडतो, म्हणून घडाघडाला हाताने कागद लावतात. एकरात घड हजारो. हे काम करणाऱ्या बायका पेठ, सुरगाण्याकडून येतात. खरड छाटणी, गोडी छाटणी, विरळणी, घड द्रावणात बुडवायचं डिपिंग या प्रत्येक कामाला त्यांचेच हात लागतात. वाईनची द्राक्षं याहून वेगळी. मणी बारीक, साल जाड, आत बिया, आणि गोडी यंत्राने मोजून मगच तोडायची. एक मणी तोंडात टाकला. गोड होता, पण दाताखाली सालीचा तुरटपणा राहिला. त्या तुरटपणावरच तांबड्या वाईनची चव उभी असते.

महाराष्ट्राने २००१ साली द्राक्षप्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, विंचूर आणि पलूसला वाईन पार्क काढले. त्याआधीच राजीव सामंत यांनी नाशिकच्या आपल्या जमिनीत वेली लावून 'सुला' वायनरीची पहिली वाईन २००० साली बाजारात आणली होती. त्याच्याही आधी, ऐंशीच्या दशकात, नारायणगावला शामराव चौगुले यांनी शॅम्पेनच्या पद्धतीची फेसाळ वाईन केली होती. मग सगळ्यांनी वाईनच्या वेली लावल्या. भाऊजींच्या भावानेही दीड एकर लावल्या. २००८ नंतर मंदी आली, मागणी बसली, ज्यांनी करार केले होते त्यांनी माल उचलला नाही. पैसे थकले. खायला न चालणारी ती द्राक्षं बाजार समितीत कोण घेणार? भावाने कुऱ्हाड लावली. त्या भागात तशा कितीतरी बागा निघाल्या. म्हणून २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाईन विकण्याच्या निर्णयावरून गदारोळ झाला तेव्हा भाऊजींचं म्हणणं एवढंच होतं की शेतकऱ्याच्या नावाने दोन्ही बाजू बोलतायत, पण कराराची हमी कोणीच मागत नाही. मला ते तेव्हाही पटलं होतं.

जेवण झाडाखाली होतं, समोर धरणाचं पाणी. यादीत पास्ता आणि पिझ्झा भरपूर. आम्ही चौकशी केल्यावर आतून वांग्याचं भरीत, बाजरीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा आला. स्वयंपाकघरातल्या माणसांसाठी केलेलं जेवण. त्याच्याबरोबर थंड शेनिन ब्लांक, पांढरी वाईन. ताईने द्राक्षाचा रस घेतला, भाऊजींनी आयुष्यात पहिल्यांदा पेलाभर वाईन घेतली आणि सावकाश संपवली. तिखट ठेच्यावर ती थोडी गोडसर वाईन इतकी छान लागते की नाशिकच्या प्रत्येक वायनरीने हे ताट यादीत पहिलं लिहावं असं माझं स्पष्ट मत आहे. ज्या मातीतली द्राक्षं, त्याच मातीतली भाकरी. परदेशातल्या वाईनच्या गावांत पाहुण्याला आधी तिथलंच जेवण वाढतात. आपण आपलं स्वयंपाकघरात का ठेवायचं?

पाण्याचा हिशेब नाशिकलाही सुटलेला नाही. दुष्काळाच्या वर्षी वरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडायची वेळ आली की २००५ च्या कायद्यातल्या समन्यायी वाटपावरून नाशिक आणि मराठवाडा समोरासमोर येतात. निफाडच्या बागायतदाराचं दुखणं खरं आहे आणि पैठणच्या शेतकऱ्याचंही. पण त्या भांडणात दोघांनाही निदान आवाज आहे. संघ आहेत, आमदार आहेत, कोर्टात बाजू मांडणारे वकील आहेत. शहापूरच्या पाड्यांवरच्या बायकांना यातलं काय आहे? त्यांच्या डोक्यावरून जलवाहिन्या जातात, महामार्ग जातो, आणि त्या दिवशी आम्हीही गेलो.

ऐपत असेल तर हे उड्डाण जरूर करा, पाऊस सरल्यावर, सकाळच्या स्वच्छ हवेत, आणि घरातल्या ज्या वडीलधाऱ्या माणसाचं गाव खाली आहे त्याला खिडकीशी बसवा. नसेल तर कसारा लोकलच्या दारातूनही तो मुलूख दिसतो. पण ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या माझ्या वाचकांना एक मागणं आहे. येत्या उन्हाळ्यात टँकरची बातमी आली की पान उलटू नका. आपण आणि शहापूर एकाच जिल्ह्यात आहोत, मतंही आपलीच जास्त आहेत. प्रचाराला दारात येईल त्या प्रत्येक उमेदवाराला विचारा, भावलीचं पाणी शहापूरच्या किती पाड्यांच्या नळाला आलं, आणि आकडा मिळेपर्यंत विचारत राहा.