लुआरकाठची सायकलसफर



या सदरात आम्ही आजवर बहुतेक करून आगगाडी, बस किंवा विमानाने केलेल्या प्रवासांबद्दल लिहिले. या महिन्यात सायकलची गोष्ट.

आमची लेक फ्रान्समध्ये शिकते. मागच्या जून महिन्यात आम्ही नवरा-बायको तिच्याकडे गेलो. पॅरिस दोन दिवसांत पाहून झाल्यावर तिने जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला आणि म्हणाली, "अम्मी, अब्बा, आता पाच दिवस लुआर नदीच्या काठाने सायकलवरून."

आम्ही दोघेही पन्नाशी ओलांडलेले. सायकल शेवटची चालवली ती कॉलेजात. आम्ही गुडघ्यांचे कारण पुढे केले. तिने तेही मोडून काढले. "रोज चाळीस किलोमीटरच्या वर जायचे नाही. रस्ता नदीच्या कडेने आहे, चढ जवळजवळ नाहीच. आणि घाई करायची नाही, ही एकच अट."

लुआर ही फ्रान्समधली सर्वांत लांब नदी, लांबी सुमारे १,००० किलोमीटर. तिच्या काठाने सायकलस्वारांसाठी आखलेला मार्ग आहे. नेव्हेर शहराजवळून निघून थेट अटलांटिक महासागरापर्यंत तो सुमारे ९०० किलोमीटर जातो. काही ठिकाणी तो फक्त सायकलींसाठी आहे, काही ठिकाणी कमी रहदारीच्या गावरस्त्यांवरून जातो. पाच दिवसांत सगळा होणे शक्य नव्हते. आम्ही ब्लुआ ते टूर एवढाच तुकडा निवडला. नदीकाठचे सगळ्यात जास्त राजवाडे याच पट्ट्यात आहेत. सुली ते शालोन हा खोऱ्याचा भाग २००० साली युनेस्कोच्या जागतिक वारशात घेतला गेला, त्यातच हा तुकडा येतो.

पॅरिसहून ब्लुआला आगगाडीने दोन तासांच्या आत पोहोचलो. तिथे सायकली भाड्याने घेतल्या. मागे दोन्ही बाजूंना पिशव्या, पुढे पाण्याची बाटली. पहिल्या तासाभरात एक फजिती झाली. तिथे वाहने उजवीकडून चालतात. एका चौकातल्या गोलाला आम्ही सवयीने डावीकडून वळसा घातला. समोरून आलेला टेम्पोवाला थांबला, हसला आणि हाताने योग्य दिशा दाखवून पुढे गेला. त्यानंतर प्रत्येक वळणावर लेक मागून ओरडायची, "उजवीकडे, अब्बा!"

लुआर पाहून आधी थोडे आश्चर्यच वाटले. पात्र रुंद, पण पाणी उथळ. मध्येच वाळूची बेटे, त्यांवर पांढरे पक्षी. एवढ्या शांत नदीला एवढे उंच बंधारे कशाला, असे मनात आले. त्याचे उत्तर जुन्या घरांच्या भिंतींवर मिळाले. दगडात कोरलेल्या रेघा आणि शेजारी साल: १८४६, १८५६, १८६६. वीस वर्षांत तीन महापूर, आणि काही रेघा आमच्या डोक्याच्याही वर. ज्यांनी आपल्या गावात पुराचे पाणी घरात शिरलेले पाहिले आहे, त्यांना ही रेघ समजावून सांगावी लागत नाही. आमचा सायकलचा रस्ता बराचसा या बंधाऱ्यांवरूनच होता.

दुसऱ्या दिवशी शाम्बोर. हा राजवाडा पहिल्या फ्रान्स्वा राजाने १५१९ मध्ये बांधायला घेतला. चारशेहून अधिक खोल्या, भोवती जंगल आणि जंगलाला ३२ किलोमीटर लांबीची भिंत. आत एक जिना आहे, खरे तर एकमेकांभोवती गुंफलेले दोन जिने. आमच्यापैकी एक जण एकाने चढला, दुसरी दुसऱ्याने. मधल्या झरोक्यांतून एकमेकांना दिसत होतो, पण वर पोहोचेपर्यंत भेट नाही! आणि एवढे सगळे बांधून हा राजा आपल्या कारकिर्दीत तिथे जेमतेम ७२ दिवस राहिला म्हणतात.

खाण्यापिण्याचे सांगायलाच हवे, कारण वाचक भगिनी पहिले तेच विचारतात. छोट्या गावांत हलाल मांस मिळेल या भरवशावर राहू नये. आमचे पाच दिवस पाव, शेळीच्या दुधाचे चीज, अंडी, मासे आणि फळे यांवर मजेत गेले. टूरच्या बाजूला 'रियेत' नावाचा पदार्थ पावाला लावून खातात. तो बहुधा डुकराच्या मांसाचा असतो, तेव्हा विचारून घ्यावे. हा सगळा मुलूख द्राक्षबागांचा. आम्ही त्यांच्यामधून सायकली चालवल्या, दारूच्या तळघरांच्या पाट्या मागे टाकल्या.

नमाजची अडचण आली नाही. मुसाफिर म्हणून कस्र होतीच. बंधाऱ्याच्या कडेला गवतावर चादर अंथरली की झाले. येणारे-जाणारे 'बाँझूर' म्हणून पुढे जायचे. जन्मभर पश्चिमेकडे तोंड करून उभे राहण्याची सवय, तिथे किब्ला पूर्व आणि आग्नेयेच्या मध्ये. आणि जूनमधला सूर्य रात्री पावणेदहाच्या पुढे मावळतो, त्यामुळे मगरिबलाच आमचे डोळे मिटू लागत.

तिसऱ्या दिवशी दुपारी उशिरा आंब्वाझ गाठले. पूल ओलांडताना समोर किल्ला दिसतो. पांढऱ्या दगडाच्या उंच भिंती, निळसर काळी छपरे, खाली नदी. फ्रान्सच्या राजांचे हे आवडते ठिकाण. लिओनार्दो दा विंची १५१६ मध्ये राजाच्या निमंत्रणावरून या गावी आला आणि १५१९ मध्ये इथेच वारला. त्याची कबर किल्ल्यातल्या छोट्या प्रार्थनाघरात आहे.

लेक म्हणाली, "मी इथे आधी आले आहे, कॉलेजच्या सहलीबरोबर. बसने. तासाभरात सगळे पाहिले."

"मग बाग पाहिलीस?" आम्ही विचारले.

"कोणती बाग?"

आता खरी गोष्ट सांगतो. आंब्वाझ आमच्या मनात होते ते राजांमुळे नाही, लिओनार्दोमुळेही नाही. अमीर अब्दुल कादिर अल-जझाइरी यांच्यामुळे.

अमीरसाहेबांचा जन्म १८०८ चा. फ्रान्सने १८३० मध्ये अल्जीरियावर चढाई केली, तेव्हा ते ऐन तारुण्यात होते. १८३२ पासून पंधरा वर्षे त्यांनी फ्रान्सशी लढा दिला. अखेर डिसेंबर १८४७ मध्ये त्यांनी शस्त्रे ठेवली, ती एका अटीवर. कुटुंब आणि साथीदारांसह त्यांना अलेक्झांड्रिया किंवा अक्का इथे जाऊ द्यावे. फ्रेंच सेनापतीने तसे वचन दिले, राजपुत्राने ते मान्य केले. जहाज मात्र फ्रान्सच्या तुलाँ बंदराला लागले. दोनच महिन्यांत पॅरिसमध्ये क्रांती झाली, सरकार बदलले आणि नव्या सरकारनेही वचन पाळले नाही. आधी तुलाँ, मग पो आणि नोव्हेंबर १८४८ पासून हा आंब्वाझचा किल्ला.

बायका, मुले, म्हातारी आई, साथीदार, सगळे बरोबर. वाळवंटाच्या कडेच्या उन्हातली माणसे या नदीच्या ओलसर थंडीत चार वर्षे राहिली.

चौथा दिवस आम्ही किल्ल्यालाच दिला. लिओनार्दोच्या कबरीपाशी रांग होती, फोटो काढणाऱ्यांची गर्दी होती. तिथून बागेत वर चालत गेलो. तिथे कोणीच नव्हते. गवतात सारख्या आकाराचे दगड ओळीने उभे आहेत. मोजले, पंचवीस. अमीरसाहेबांच्या बरोबर आलेल्यांपैकी पंचवीस जण इथे मरण पावले, त्यांत बायका होत्या, लहान मुले होती. अल्जीरियाचे कलाकार रशीद कोराइशी यांनी २००५ मध्ये हे स्मारक केले.

आम्ही दुआ केली. लेक बराच वेळ एका दगडापाशी बसून होती. मग म्हणाली, "मी खालूनच परत गेले होते. कोणी सांगितले नाही, आणि मी विचारलेही नाही."

आम्ही तिला पुढचे सांगितले. अमीरसाहेबांच्या सुटकेसाठी ज्यांनी आवाज उठवला, त्यांत अल्जीयर्सचे पहिले बिशप द्युप्युश होते. युद्ध चालू असताना त्यांनी एका फ्रेंच कैद्याला सोडण्याची विनंती अमीरसाहेबांना केली होती. अमीरसाहेबांनी उलट कळवले होते की एकासाठीच का, सगळ्यांसाठी मागायला हवे होते, आणि तुमच्या तुरुंगांतल्या मुसलमानांसाठीही. त्यातून कैद्यांची अदलाबदल झाली. ही ओळख बिशप विसरले नाहीत. १८४९ मध्ये त्यांनी आंब्वाझच्या या कैद्यावर पुस्तक लिहून सुटकेची बाजू मांडली. ऑक्टोबर १८५२ मध्ये लुई नेपोलियनने स्वतः या किल्ल्यात येऊन सुटकेची घोषणा केली.

अमीरसाहेब आधी तुर्कस्तानात बुर्सा इथे आणि नंतर दमिश्कमध्ये राहिले. १८६० मध्ये दमिश्कमध्ये ख्रिस्ती वस्तीवर हल्ले सुरू झाले. तेव्हा अमीरसाहेब आपल्या अल्जीरियन साथीदारांना घेऊन रस्त्यावर उतरले आणि हजारो ख्रिस्ती माणसांना त्यांनी आसरा दिला. फ्रान्सने त्यांना आपला सर्वोच्च सन्मान दिला.

"ज्यांनी वचन मोडले, त्यांच्याच धर्माच्या लोकांना वाचवले?" लेकीने विचारले.

वचन मोडले ते एका सरकारने. दमिश्कच्या गल्लीत जीव मुठीत घेऊन पळणाऱ्या माणसांचा त्यात काय गुन्हा? अमीरसाहेबांनी नंतर पत्रात लिहिले, त्याचा आशय असा: आपण जे केले ते शरीयतच्या आदेशानुसार आणि माणुसकीच्या हक्कांसाठी केले. आम्ही तिला एवढेच सांगितले.

फेब्रुवारी २०२२ मध्ये आंब्वाझमध्ये अमीरसाहेबांच्या स्मरणार्थ पोलादी पत्र्याचे शिल्प उभारले. उद्घाटनापूर्वीच कोणीतरी त्याची मोडतोड केली. तरी समारंभ ठरल्याप्रमाणे झाला. म्हणजे पावणेदोनशे वर्षांनंतरही ही गोष्ट त्या देशात संपलेली नाही. काहींना ती नको आहे, आणि काहींना ती सांगायचीच आहे. आमची लेक अजून दोन वर्षे त्याच देशात राहणार, तिथल्या मुलामुलींबरोबर शिकणार. तिला या दोन्ही प्रकारची माणसे भेटतील. हे तिने तिथे उभे राहून समजून घेतले, याचे आम्हाला समाधान वाटले.

पाचव्या दिवशी द्राक्षमळ्यांमधून आणि डोंगराच्या पोटात खोदलेल्या घरांजवळून टूर गाठले. इतिहासाच्या पुस्तकात ७३२ सालची लढाई वाचलेली असते, जिच्यात अब्दुर्रहमान अल-गाफिकी शहीद झाले. ती याच टूर आणि प्वातिएच्या दरम्यान झाली. आम्ही मात्र टूरच्या स्टेशनवर सायकली परत करून, पाय चोळत गाडीची वाट पाहत बसलो.

ज्यांना जायचे असेल त्यांच्यासाठी थोडे. मे-जून किंवा सप्टेंबर बरा. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी असते. 'अक्वेई वेलो' अशी पाटी असलेल्या मुक्कामी सायकल ठेवायला बंद जागा आणि दुरुस्तीची अवजारे मिळतात. सायकल एका गावात घेऊन दुसऱ्या गावात परत करता येईल का, हे आधीच विचारून ठरवावे. बारा वर्षांखालच्या मुलांना हेल्मेट कायद्याने सक्तीचे आहे, मोठ्यांनीही घालावे. पिशवीत हलका रेनकोट हवाच. एक दिवस जास्त असेल तर आंब्वाझहून शनाँसोला जाऊन यावे. तिथला राजवाडा शेर नदीवर पुलासारखा उभा आहे. पहिल्या महायुद्धात त्याच्या लांब दालनात जखमी सैनिकांचे इस्पितळ होते.

आणि आंब्वाझला गेलात तर किल्ल्यातून लगेच खाली उतरू नका. बागेत थोडे वर जा. तिथे पंचवीस दगड आहेत. दोन मिनिटे थांबा, दुआ करा.

अल्लाह हाफिज.