भोंवतालच्या भिंती व आपलें मन

मनुष्य स्वतःस विचारी प्राणी म्हणवितो, आणि त्याचा हा अभिमान अगदींच निराधार आहे असें नाहीं. परंतु आपले विचार केवळ आपल्या अंतःकरणांतच उगम पावतात, बाहेरच्या वस्तु त्यांस स्पर्शही करीत नाहींत, असें जें आपण गृहीत धरून चालतों, तें मात्र तपासून पाहण्यासारखें आहे. आषाढांत चार दिवस सूर्यदर्शन झालें नाहीं म्हणजे घरांतील माणसें एकमेकांवर चिडूं लागतात, आणि पांचव्या दिवशीं अंगणांत ऊन पडतांच तींच माणसें हंसूं लागतात. याचें कारण त्यांस विचारा. त्यांपैकीं एकजणही उन्हाचें नांव घेणार नाहीं. एक म्हणेल चहा थंड होता, दुसरा म्हणेल पोरानें सांगितलेलें ऐकलें नाहीं. खरें कारण खिडकीबाहेर असतें आणि आपण तें समोरच्या माणसावर ढकलून मोकळे होतों. वाचकहो, हा भ्रम घरांत फारसा अपाय करीत नाहीं. परंतु शाळेंत तो फार महाग पडतो, हें मला या लेखांत सांगावयाचें आहे.

प्रथम एक जुनी गोष्ट. पॅरिस शहरांत गोबेलँ नांवाचा भित्तिपट विणण्याचा प्रसिद्ध कारखाना आहे. तेथील रंगखात्यावर १८२४ सालीं मिशेल शेव्हरल या रसायनशास्त्रज्ञाची नेमणूक झाली. त्याच्या कानीं तक्रारी येत, त्यांत एक अशी होती कीं, कारखान्यांतील काळा रंग निकस आहे. निळ्या व जांभळ्या वस्त्रांच्या छाया काढण्यासाठीं तो वापरला म्हणजे निस्तेज दिसतो. शेव्हरलनें दुसरीकडे रंगविलेली काळी लोंकर मागवून ताडून पाहिली. रंगांत कांहींच उणें नव्हतें! शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळें डोळ्यालाच तो काळा फिका भासत होता. या शोधाचा त्यानें पुढें अनेक वर्षें पाठपुरावा केला आणि १८३९ सालीं रंगांच्या परस्परविरोधावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. मला यांत नवल वाटतें तें शास्त्राचें नव्हे, तर त्या रंगाऱ्यांचें. कित्येक दिवस ते बिचारे आपल्या कढईंतल्या काळ्याला दोष देत असतील, आणि दोष होता शेजाराचा.

परंतु येथें एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. हल्लीं भिंतींचे रंग विकणारांच्या पुस्तिकांतून असें ठामपणें छापलेलें असतें कीं, निळा रंग शांतिदायक, तांबडा क्षोभकारक, पिवळा बुद्धिवर्धक. इतक्या सोप्या कोष्टकावर माझा विश्वास नाहीं. तांबडा रंगच घ्या. सवाशिणीच्या कपाळावरील कुंकू तांबडें. आणि ज्या काळीं महाराष्ट्रांतील ब्राह्मण कुटुंबांत विधवेचें केशवपन करीत, त्या काळीं तिला नेसावें लागे तें आलवणही तांबडेंच. रंग एकच, एक पाहून घर प्रसन्न होई, दुसरें पाहून वाटसरू अपशकुन मानी. पांढऱ्याची तीच कथा. आमच्या समाजांत वधू बहुधा पांढरी साडी नेसते. माझ्या बहिणीच्या लग्नाच्या सकाळीं शेजारच्या एक वृद्ध आजी मोठ्या मायेनें आमच्या घरीं आल्या आणि तिला पांढऱ्या साडींत पाहतांच त्यांनीं डोळ्यांस पदर लावला. कोणी कांहीं बोललें नाहीं. मग त्या उठल्या, घरीं जाऊन हिरव्या बांगड्या घेऊन आल्या, स्वतःच्या हातांनीं त्यांनीं त्या तिच्या हातांत भरल्या, आणि मगच त्यांनीं पेढा तोंडांत घातला. त्या बांगड्या तशाच ठेवून माझी बहीण उपासनामंदिरांत गेली. सांगावयाचें इतकेंच कीं, रंग मनावर काम करतो तो थोडा डोळ्यांतून आणि पुष्कळसा आठवणींतून. ज्याच्या आठवणी निराळ्या, त्याचा तांबडाही निराळा.

हें ध्यानांत न घेतल्यामुळें शहाण्यांचीही कशी फसगत होते, याचें एक उदाहरण प्रसिद्ध आहे. १९७९ सालीं अमेरिकेंत सिॲटल येथील एका आरमारी बंदिशाळेंत अलेक्झांडर शॉस नांवाच्या गृहस्थांच्या सूचनेवरून एक कोठडी विशिष्ट गुलाबी रंगानें रंगविण्यांत आली. तींत पंधरा मिनिटें ठेवलें कीं दांडगट कैदी निवळतो, अशी वार्ता पसरली, आणि दुसऱ्याही तुरुंगांनीं तिचें अनुकरण केलें. पुढें अधिक काटेकोर प्रयोग केले असतां तो गुण त्या रंगांत आढळून आला नाहीं. एका डब्यांतील रंगानें माणसाचा स्वभाव बदलतां आला असता, तर शिक्षकांची गरजच उरली नसती!

तर मग भोंवतालचा परिणाम होतच नाहीं कीं काय? होतो, आणि खात्रीनें होतो. मात्र एकट्या रंगापेक्षां प्रकाश, आवाज, उष्णता, खिडकीबाहेरचें दृश्य, या सर्वांनीं मिळून होतो. रॉजर उलरिच या संशोधकानें १९८४ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत, एकाच प्रकारची शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांच्या तेवीस जोड्या ताडून पाहिल्या आहेत. ज्यांच्या खिडकींतून झाडें दिसत होतीं ते, विटांची भिंत दिसणारांपेक्षां लवकर घरीं गेले, आणि त्यांस तीव्र वेदनाशामक औषधेंही कमी लागलीं.

शाळेच्या दृष्टीनें याहून महत्त्वाचें उदाहरण न्यूयॉर्क शहरांतील आहे. तेथील एका प्राथमिक शाळेच्या एका बाजूनें उंच पुलावरून आगगाड्या जात. दर चार-पांच मिनिटांनीं गाडी येई, आणि ती निघून जाईपर्यंत शिक्षकास बोलणें थांबवावें लागे. आर्लीन ब्रॉन्झाफ्ट या विदुषींनीं आपल्या सहकाऱ्यासह त्या शाळेंतील मुलांची वाचनांतील प्रगति तपासली व १९७५ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला. मुलांची वाटणी हुशारीवरून केलेली नव्हती. तथापि रुळांच्या बाजूच्या वर्गांतील मुलें शांत बाजूच्या मुलांहून मागें होतीं, आणि सहाव्या इयत्तेपर्यंत हें अंतर जवळजवळ एका वर्षाचें झालें होतें. पुढें रुळांखालीं रबराच्या गाद्या बसविल्या, वर्गांच्या छतांस आवाज शोषणारें आवरण लावलें. आणि १९८१ सालीं पुन्हां तपासलें तों दोन्ही बाजूंचीं मुलें बरोबरीनें वाचत होतीं. मधल्या वर्षांत त्या बाजूच्या किती मुलांच्या आईबापांस “तुमचें मूल वाचनांत कच्चें आहे” असें सांगण्यांत आलें असेल, याचा हिशोब कोणीं ठेवलेला नसावा.

हा हिशोब माझ्या मनांतून जात नाहीं, याला कारण आहे. फार वर्षांपूर्वीं मी दुसऱ्या एका शाळेंत शिकवीत होतों. तेथें नववीच्या दोन तुकड्या होत्या. ‘अ’ तुकडी पटांगणाच्या बाजूच्या खोलींत बसे. तिच्या खिडक्यांशीं दोन कडुनिंब होते. ‘ब’ तुकडीची खोली रस्त्याकडची, पश्चिमेची. वर पत्रे होते. मुलांच्या हातांचे डाग दिसूं नयेत म्हणून भिंतींना खांद्याइतक्या उंचीपर्यंत गडद तपकिरी तेलरंग दिलेला. त्यावरचा चुना ओल येऊन काळवंडलेला. समोर लोखंडी सळयांची वखार होती. दुपारीं मालमोटारींतून सळया उतरवूं लागले म्हणजे फळ्यापाशीं उभ्या असलेल्या मला माझाच आवाज ऐकूं येत नसे, आणि चार वाजतां खिडकींतून आलेलें ऊन नेमकें फळ्यावर चमके. ‘ब म्हणजे बेशिस्त’ अशी आम्हां शिक्षकांची एक शिळी कोटी होती; तिला मीही हंसत असें.

दिवाळीच्या सुटीनंतर कांहीं कारणानें दोन्ही वर्गांच्या खोल्यांची अदलाबदल झाली. त्यावेळीं त्याचें कोणास कांहींच वाटलें नाहीं. फेब्रुवारीच्या सुमारास शिक्षकांच्या खोलींत ‘अ’ तुकडी बिघडत चालली असल्याचें बोलणें निघालें. कोणीं घरच्या लाडांस दोष दिला, कोणीं मोबाइलला. वर्षअखेर प्रगतिपुस्तकें भरतांना मीं सहज पहिल्या सत्राचीं पानें उलटलीं आणि थबकलों. “लक्ष देत नाहीं,” “वर्तन समाधानकारक नाहीं,” “समज मंद,” हे माझ्याच अक्षरांतले शेरे पहिल्या सत्रांत ‘ब’च्या पुस्तकांत दाटीनें होते, दुसऱ्या सत्रांत ते उठून ‘अ’कडे गेले होते. मुलें तींच होतीं. शिक्षकही तोच होता. मला तर असें वाटूं लागलें कीं, त्या खोलीनें मुलांस जितकें चिडखोर केलें, त्याहून अधिक मलाच केलें होतें. दुसरींही कारणें असूं शकतील. मुलें वाढत होतीं, वेळापत्रकही थोडेंसें बदललें होतें. एका शिक्षकाच्या वहीवरून सिद्धांत बांधतां येत नाहीं, हें मी जाणतों.

परंतु एक पुस्तक दुसऱ्या सत्रांत भरावयाचें राहिलेंच नव्हतें. ‘ब’मधील एका मुलाचे वडील दिवाळीपूर्वीं मला भेटावयास आले होते. ते शिंपीकाम करीत. पुस्तक उघडून, त्या शेऱ्यावर बोट ठेवून त्यांनीं विचारलें, “सर, तुम्हीं लिहिलंय तें खरं ना? म्हणजे मी उगीच आशा धरायला नको.” मी त्याच तपकिरी भिंतीला टेकून उभा होतों, समोर सळया पडत होत्या, आणि मला घरीं जाण्याची घाई झाली होती. मीं म्हटलें, “खरं आहे.” सुटीनंतर त्यांनीं मुलाला एका गॅरेजांत लावलें. खोल्या बदलल्या तेव्हां तो वर्गांत नव्हता.

तेव्हांपासून मी शेरा लिहावयाचा झाल्यास तो वर्गांत लिहीत नाहीं. सकाळीं, घरीं लिहितों. तपासण्याची तांबडी शाईही मीं टाकली आहे. २०१० सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं असें प्रसिद्ध केलें कीं, एकच निबंध कांहींजणांस तांबड्या व कांहींजणांस निळ्या लेखणीनें तपासावयास दिला असतां तांबड्या लेखणीवाल्यांनीं कमी गुण दिले. गुलाबी कोठडीचा अनुभव पाहतां या शोधावरही मी डोळे मिटून विश्वास ठेवीत नाहीं. परंतु शिसपेन्सिल वापरण्यांत नुकसान तरी काय? पेन्सिलीनें लिहिलेलें खोडतां येतें. कार्यालयास तें गैरसोयीचें वाटतें, तें सोसावें लागतें.

माझे कांहीं तरुण सहकारी आतां दुसऱ्या टोकास गेले आहेत. वर्गाची एकही वीतभर भिंत ते रिकामी ठेवीत नाहींत. फुलपाखरें, तक्ते, सुविचार, पताका! त्यांचा हेतु प्रेमाचा आहे, यांत संशय नाहीं. पण अशा वर्गांत मूल कोणाकडे पाहील? अमेरिकेंत २०१४ सालीं बालवर्गांतील मुलांवर केलेल्या एका प्रयोगांत, फार सजविलेल्या खोलींत मुलांचें लक्ष अधिक विचलित झालें व तीं कमी शिकलीं, असेंच दिसून आलें.

येत्या उन्हाळ्याच्या सुटींत आमच्या वर्गखोल्यांस रंग द्यावयाचा आहे, आणि कोणता द्यावा यावर शिक्षकांच्या खोलींत मोठा वाद माजला आहे. माझें मत मीं लेखी कळविलें आहे: रंग कोणताही फिका चालेल; परंतु त्याआधीं गळकीं कौलें बदलावींत, फळा उजेडाच्या समोरून हलवावा, पश्चिमेच्या खिडक्यांस जाड पडदे लावावेत, आणि रस्त्याकडच्या खोलींत कोणतीही तुकडी एका सत्राहून अधिक बसवूं नये.