शिलर पाठ असलेली मुलगी

ऑशविट्झमध्ये हजेरीसाठी तासन्‌तास उभं ठेवत, तेव्हा १२ वर्षांची रूथ क्लूगर मनातल्या मनात शिलरची कथाकाव्यं म्हणायची. जर्मन कविता, जर्मनांच्याच छावणीत! 'साहित्याने तारलं' असं भाबडं विधान मात्र त्यांच्या तोंडी घालू नये. तारलं ते एका कैदी कारकून बाईने. मजुरांची निवड चालू असताना 'वय १५ सांग,' असं तिने हळूच सुचवलं. मुलगी खोटं बोलली आणि मजुरांच्या यादीत गेली.

१९४७ मध्ये अमेरिकेत पोचलेल्या क्लूगर पुढे प्रिन्स्टन आणि अर्वाइनला जर्मन साहित्य शिकवू लागल्या. जर्मन लेखक क्लाइस्टवर त्यांनी लिहिलंच, पण जर्मन लेखकांनी ज्यू पात्रं कशी रंगवली याचीही झाडाझडती घेतली. छळछावणी माणसाला शहाणं करते, हे त्यांना अजिबात मान्य नव्हतं. आम्हाला त्यांचा हा तिखटपणाच भावतो.

१९९२ चं आत्मकथन त्यांनी जर्मनमध्ये लिहिलं. इंग्रजी आवृत्ती आई वारल्यानंतर, २००१ मध्ये आली. ज्यू म्हणून लहानपणी ज्या व्हिएन्नात सिनेमाला जायची बंदी होती, त्याच शहराने २००८ मध्ये या पुस्तकाच्या १ लाख प्रती फुकट वाटल्या. या अंकाची सुरुवात त्यांच्यावरच्या लेखाने करतो आहोत.