शकुन म्हणजे पक्षी, बाई नव्हे

ज्या ज्ञानदेवांची पालखी आषाढी वारीत फलटणला मुक्कामी येते, त्यांच्या प्रसिद्ध विराणीत शकुन कोण सांगतो? कावळा! पंढरीरायाची वाट पाहणारी विरहिणी त्या काळ्या पाखराला लाडीगोडी लावते. आणि पालखी पुढे सरकली, की त्याच वाटेवरच्या गावांतून विधवा समोर आली म्हणून निघालेला माणूस घरात परततो, पाणी पितो, मग पुन्हा निघतो. वर आपल्याला ऐकवतो, ‘हे पूर्वजांचे शास्त्र आहे.’

कोणत्या पूर्वजांचे, ते पाहू.

संस्कृतात ‘शकुन’ म्हणजे मुळात पक्षी. शकुंत, शकुनि हे त्याच घरचे शब्द. शकुंत पक्ष्यांनी सांभाळली म्हणून ती शकुंतला, असे महाभारतच सांगते. ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलात (सूक्ते ४२, ४३) ऋषी पक्ष्याला मंगल बोलण्याची विनवणी करतो; दहाव्या मंडलात (सूक्त १६५) घरात शिरलेल्या कपोताचे भय आहे. म्हणजे पाखरू बरे-वाईट दोन्ही सुचवी. ‘शकुन’ म्हणजे ‘शुभ’ हा अर्थ नंतर रूढ झाला, म्हणून तर ‘अप’ जोडावा लागला. रोमनांकडेही हेच घडले: लॅटिन ‘आउस्पिकियुम’ म्हणजे शब्दशः पक्षी पाहणे, आणि इंग्रजीतला ‘ऑस्पिशस’ हा शुभवाचक शब्द तिथूनच आला.

वराहमिहिराच्या बृहत्संहितेत (सहावे शतक) कावळ्याच्या ओरडण्यावर स्वतंत्र अध्याय आहे. त्यावर विश्वास ठेवा वा ठेवू नका. पण त्यासाठी निदान आकाशाकडे पाहावे लागे, कान द्यावे लागत.

आता प्रतिपक्षाचे खरे तेवढे मान्य करू. ग्रंथांत माणसे आली, हे नाकारता येत नाही. इ.स. १६०० च्या मुहूर्तचिंतामणीत प्रवासाच्या अपशकुनांची यादी वंध्या स्त्रीपासूनच सुरू होते. म्हणजे ‘शास्त्रात आहे’ हे खरे. परंतु कोणी तरी, केव्हा तरी पाखराच्या नावाच्या शब्दात बाईला कोंबले, हेही तितकेच खरे. जे माणसांनी घातले, ते माणसांना काढता येते.

काढलेही आहे. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने विधवेचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर गावांनाही तसेच आवाहन केले. फलटण तालुक्यातील वाचकांनी आपापल्या ग्रामसभेचे इतिवृत्त मागून पाहावे, आणि असा ठराव सापडतो का ते इथेच कळवावे.