हजर राहा, हिशेब मागा

क्रेडिट कार्डाच्या थकबाकीचे समन्स हाती पडले की अनेक कर्जदार ते कपाटात सारून देतात. पैसे वापरले हे खरे, मग कोर्टात जाऊन बोलायचे काय, असा त्यामागचा विचार. तो महागात पडतो. प्रतिवादी गैरहजर राहिला की दावा एकतर्फी चालतो आणि बँकेने मांडलेला आकडाच बहुधा हुकूमनाम्यात उतरतो. इंदूरच्या कर्जदारांनी ही वेळ स्वतःवर आणू नये. देणे मान्य असले, तरी ते किती हे विचारण्याचा हक्क त्यांना आहे.

आकडा फुगतो कसा? एक लाखाच्या थकबाकीवर दरमहा साडेतीन टक्के दर धरला तर व्याज ३,५०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी ६३० रुपये. विलंब शुल्क वेगळेच. २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय ग्राहक आयोगाने घातलेली वार्षिक ३० टक्के व्याजाची मर्यादा रद्द केली. त्यामुळे दर जास्त आहे एवढ्या तक्रारीने भागत नाही. मात्र रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार न भरलेले शुल्क आणि कर मुद्दलात मिसळून त्यांवर व्याज चढवता येत नाही. म्हणून सुरुवातीपासूनची स्टेटमेंट मागवावीत आणि ओळ न् ओळ तपासावी.

मुदती कडक आहेत. साध्या दाव्यात लेखी जबाब ३० दिवसांत, फार तर ९० दिवसांत द्यावा लागतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३७ खालच्या समरी सूटमध्ये १० दिवसांत हजेरी नोंदवायची आणि पुढचे समन्स आल्यावर आणखी १० दिवसांत बचावाची परवानगी मागायची. दावा तीन वर्षांच्या मुदतीत आहे का, हेही पाहावे. पण मुदत संपण्याआधी सहीनिशी कबुली दिली असेल तर तीन वर्षे नव्याने मोजली जातात. एकतर्फी हुकूमनामा झालाच असेल, तर तो रद्द करण्याचा अर्ज ३० दिवसांत करता येतो. समन्स रीतसर बजावलेच नसेल, तर हे दिवस हुकूमनामा कळल्यापासून धरतात.

तुरुंगाच्या धमकीने गांगरू नये. निव्वळ ऐपत नाही म्हणून कर्जदाराला दिवाणी कैदेत टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच स्पष्ट केले आहे.

लोक अदालतीत तडजोड जरूर करावी, पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. रक्कम, हप्ते आणि ‘पूर्ण व अंतिम’ हे शब्द वाचल्याशिवाय सही करू नये.

एकतर्फी हुकूमनाम्यांचा हा प्रश्न नवा नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. पुढच्या चौकशीत एकतर्फी हुकूमनाम्यांची गाऱ्हाणी ठळकपणे समोर आली. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने मग न्यायाधीशांवरच जबाबदारी टाकली: कुळाला बोलवा, व्यवहार मुळापासून उलगडा. कार्डधारकासाठी असा कायदा नाही. हिशेब त्यालाच मागावा लागतो. त्यासाठी त्याला निदान वाट तरी दाखवायला हवी. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि अल्प उत्पन्न गटातील नागरिकांना मोफत वकील मिळतो, हे कितीजणांपर्यंत पोहोचते? इंदूरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने न्यायालयाच्या संमतीने थकबाकीच्या प्रत्येक समन्ससोबत सोप्या हिंदीतली एक चिठ्ठी जोडावी. तीत हजेरीची शेवटची तारीख, मोफत वकिलाचा अर्ज आणि तो जिथे द्यायचा त्या खोलीचा क्रमांक असावा. येत्या राष्ट्रीय लोक अदालतीच्या नोटिशींपासूनच ही सुरुवात व्हावी.